विज्ञानसंस्था आणि आपण : प्रकाशन, लोकधोरण व संपर्क

विज्ञान म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि पांढरा अंगरखा घातलेला संशोधक उभा राहतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तर हा प्रांत परक्याचाच वाटतो. परंतु विज्ञानाला प्रयोगशाळेइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते, आणि ती म्हणजे मंडळी जमण्याची. एकाने पाहिलेले दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने त्यावर शंका घ्यावी, चौथ्याने ते छापून ठेवावे आणि पाचव्याने त्याचा उपयोग राज्यकारभारात करून घ्यावा, अशी ही साखळी आहे. ती बांधण्याचे काम विज्ञानसंस्था करतात. संस्था, नियतकालिक, शासन आणि लोक हे विषय इतिहास, राज्यशास्त्र व समाजशास्त्र शिकणाऱ्यांचे आहेत. म्हणून या विषयावर लिहिण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, असे मी मानतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही विज्ञानसंस्थांच्या उदाहरणांवरून तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. संस्था ज्ञान प्रसिद्ध कसे करतात? त्यांचे म्हणणे शासनापर्यंत कसे पोहोचते? आणि बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावातील माणसाला या साखळीत जागा आहे काय?

पत्रांतून नियतकालिकाकडे

आधुनिक अर्थाने ज्यांना विज्ञानसंस्था म्हणता येईल अशा संस्थांत लंडनची रॉयल सोसायटी ही अग्रगण्य होय. तिची स्थापना १६६० साली झाली. तिचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांचा युरोपभरच्या अभ्यासकांशी प्रचंड पत्रव्यवहार असे. कोणी ताऱ्याविषयी लिही, कोणी रक्ताभिसरणाविषयी, कोणी नव्या दुर्बिणीविषयी. ही पत्रे सभेत वाचली जात. पुढे १६६५ मध्ये ओल्डेनबर्ग यांनी अशी माहिती छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे ते नियतकालिक आजही चालू आहे. याच पत्रव्यवहारापायी परदेशाशी संधान असल्याच्या संशयावरून १६६७ मध्ये ओल्डेनबर्ग यांना काही काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. सीमेपलीकडे पत्रे पाठविणाऱ्या माणसाविषयी राजसत्तेला वाटणारी धास्ती किती जुनी आहे हे तीवरून दिसते.

या नियतकालिकाने चार कामे एकत्र आणली. शोध कोणी व केव्हा लावला याची नोंद करणे, तो तपासणे, तो दूरवर पोहोचविणे आणि पुढच्या पिढ्यांसाठी तो जपून ठेवणे. तपासणीची आजची पद्धत, म्हणजे लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर तज्ज्ञांकडे पाठवून त्यांचे मत घेण्याची पद्धत, मागाहून हळूहळू रूढ झाली. तरी या चार कामांचा पाया तेव्हाच घातला गेला. आपल्याकडील संस्थांचे मूल्यमापनही याच चार कसोट्यांवर करता येईल.

मुंबईचे आठ गृहस्थ

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी निसर्गाच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढले. तेच 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' होय. या आठांत दोघे भारतीय होते, आणि दोघेही मराठी : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी म्हणून आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहेत. सखाराम अर्जुन हे वैद्यक व वनस्पतिशास्त्र या दोन्हींचे जाणकार. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. समाजसुधारणा आणि सृष्टिविज्ञान ही एकाच घरातली दोन दालने होती, असे या दोन नावांवरून म्हटले तर वावगे ठरू नये.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, संस्थेने आपले नियतकालिक सुरू केले. त्यात लिहिणारे सारेच व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. वनाधिकारी, डॉक्टर, लष्करी अधिकारी, चहाच्या मळ्यांचे मालक अशा अनेकांनी आपापल्या मुलखातील पशुपक्ष्यांच्या नोंदी तेथे पाठविल्या. १९११ साली संस्थेने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिच्यासाठी पैसा उभा करण्यात सभासदांच्या वर्गणीचा व देणग्यांचा वाटा मोठा होता.

या संस्थेचे दार किती उघडे होते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९०८ साली एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे विचारायला तो संस्थेत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. एका प्रश्नाला नीट उत्तर मिळाल्याने पक्षिशास्त्राला केवढा माणूस लाभला! संस्थेची थोरवी मोजताना तिच्या इमारतीपेक्षा असे प्रसंग मोजावेत, असे मला वाटते.

पुण्याहून निघणारे टपाल

दुसरे उदाहरण गणिताचे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांच्या पुढाकाराने गणितप्रेमींचे एक छोटे मंडळ स्थापन झाले. त्यांची अडचण अगदी व्यवहारी होती. परदेशी गणिती नियतकालिके महाग. एकट्याला परवडत नाहीत आणि आसपासच्या ग्रंथालयांत मिळत नाहीत. म्हणून सर्वांनी वर्गणी काढून ती मागवावीत, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवावीत आणि तेथून टपालाने एकेका सभासदाकडे फिरवावीत, अशी योजना त्यांनी आखली. हेच मंडळ पुढे 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' या नावाने प्रसिद्धीस आले. तिने स्वतःचे नियतकालिकही काढले. त्याच नियतकालिकात १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. पदवी नसलेल्या, नोकरीसाठी वणवण करणाऱ्या तरुणाचा निबंध छापावयास केंब्रिजच्या आधी आपल्या देशातले हे मासिक पुढे आले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आजच्या भाषेत ज्याला आपण 'नेटवर्क' म्हणतो ते याहून वेगळे काय असते? फरक वेगाचा आहे. तेव्हा पुण्याहून मद्रासेला अंक पोहोचायला काही दिवस लागत, आज क्षण पुरतो. पण वर्गणी, विश्वास आणि वाचून झाल्यावर अंक पुढच्या माणसाकडे पाठविण्याची शिस्त या तीन गोष्टींवर ते जाळे उभे होते. यंत्राने वेग दिला तरी या तीन गोष्टी माणसालाच आणाव्या लागतात.

मराठीतून विज्ञान

वरील दोन्ही संस्थांचा कारभार इंग्रजीत चालला. त्यामुळे डॉ. सखाराम अर्जुन यांच्या गावच्या माणसाला त्यांच्या संस्थेचे मासिक वाचता येत नव्हते. मराठीतून विज्ञान सांगण्याचा प्रयत्न त्याही आधीचा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढून त्यात शास्त्रीय विषयांना स्थान दिले. पुण्यात १९२८ साली 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. परंतु या कामाला महाराष्ट्रव्यापी संघटनेचे रूप आले ते २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली तेव्हा. व्याख्याने, वार्षिक अधिवेशने, गावोगावचे विभाग आणि स्वतःची पत्रिका अशी तिची वाटचाल आहे.

परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. १९७४ साली नारायण विनायक जगताप नावाच्या एका अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. मागाहून कळले की हे जगताप म्हणजे जगविख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. नाव पाहून निकाल लागू नये ही त्यामागची भूमिका. शोधनिबंधाच्या तपासणीतही परीक्षकाने लेखकाचे नाव न पाहता मजकूर पाहावा, हेच तत्त्व असते. डॉ. नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ साली ते निवर्तले. साहित्य आणि विज्ञान यांच्यामध्ये आपण घातलेली भिंत किती तकलादू आहे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

गिधाडांची साक्ष

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. छापलेले ज्ञान शासनापर्यंत कसे जाते? याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण गिधाडांचे आहे.

१९९०च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी देशातील महामार्गांवरून मोटारीने जाऊन शिकारी पक्ष्यांची मोजणी केली. तेव्हा गिधाडे उदंड होती आणि त्यांच्याविषयी कोणाला चिंता नव्हती. काही वर्षांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झाडांवर माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली आढळू लागली. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवून १९९९ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर जुन्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे हजारात एक उरले.

कारण काय? प्रथम एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला. गुरांना दुखण्यावर व सुजेवर 'डायक्लोफिनॅक' हे औषध टोचले जाई. ते टोचल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. 'मेलॉक्सिकॅम' हे औषध गिधाडांना अपायकारक नाही, हेही संशोधकांनी दाखवून दिले, त्यामुळे पशुपालकाला पर्याय मिळाला. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये 'किटोप्रोफेन' व 'अ‍ॅसिक्लोफिनॅक' या औषधांचा गुरांसाठी वापर करण्यावरही बंदी आली.

या हकिकतीतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, आधीची मोजणी नसती तर घट सिद्धच करता आली नसती. निरुपयोगी वाटणारी नोंद पुढे साक्षीदार होते. दोन, मुंबईची संस्था, इंग्लंड-अमेरिकेतील संस्था आणि पाकिस्तानातील जंगले यांच्यातील संपर्कावाचून कारण सापडले नसते. तीन, बंदीबरोबर पर्याय दिल्यामुळे धोरण गोठ्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

केवलादेवचा धडा

विज्ञानसंस्थेचा सल्ला दर वेळी बरोबर ठरतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हेच केवलादेव त्याचेही उदाहरण आहे. येथे आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरत. चराईमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, असे पक्षितज्ज्ञांचे मत होते. त्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे धुरीणही होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली.

त्याच काळात संस्थेने तेथे दहा वर्षांचा अभ्यास चालविला होता. त्याचा निष्कर्ष काय निघाला? म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आटत गेले आणि पक्ष्यांची अडचण झाली. म्हशी तेथील पाणथळ जागा मोकळी ठेवीत होत्या. आपल्याच आधीच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लपविला नाही, तो प्रसिद्ध केला. याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. पण मेलेली माणसे काही परत आली नाहीत. म्हशी राखणाऱ्या गुराख्याला आधी कोणी विचारले असते तर? माझ्या मते लोकधोरणाच्या साऱ्या चर्चेतला कळीचा प्रश्न हाच आहे. तज्ज्ञाकडे पद्धत असते आणि गावकऱ्याकडे दीर्घकाळची पाहणी असते. संस्था या दोघांना एका सतरंजीवर बसवीत नसेल, तर तिने शासनाला दिलेला सल्ला अर्धाच राहतो.

आंतरजालाचे दिवस

आज नोंदी टपालाने पाठवाव्या लागत नाहीत. पक्षिनिरीक्षक 'ईबर्ड'सारख्या संकेतस्थळावर तेथल्या तेथे नोंद करतात. अशा नोंदींवर आधारून २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्याला साडेपंधरा हजारांवर निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींचा आधार होता. २०२३ च्या अहवालात निरीक्षकांची संख्या सुमारे ३० हजार व नोंदी सुमारे ३ कोटी झाल्या. अनेक संस्थांनी मिळून हे काम केले. मिलार्डसाहेबांच्या कपाटाची दारे आता जणू खिशात आली आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंडही जैवविविधता-ग्रंथांच्या एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

मात्र सारेच ज्ञान असे फुकट नाही. नव्या नियतकालिकांच्या वर्गण्या भरमसाट आहेत. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके तीत येतात. १९०७ साली मूठभर गणितप्रेमींनी जे केले तेच येथे देशाच्या पातळीवर केले आहे. पण ही योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खासगी संस्थांनी चालविलेल्या खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांचा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहतो. प्राध्यापकांनी तो योग्य ठिकाणी मांडावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

वेगाचा तोटाही ध्यानात घ्यावयास हवा. भ्रमणध्वनीवर येणारा प्रत्येक मजकूर कोणी तपासलेला नसतो. ओल्डेनबर्ग यांच्या चार कामांपैकी पोहोचविण्याचे काम तेवढे आज अफाट वाढले आहे. तपासण्याचे व जपण्याचे काम त्या मानाने मागे पडले आहे. ते करण्यासाठीच संस्था लागतात.

आपल्या बांधीतला सारस

आता तिसरा प्रश्न, आणि तो आपल्या दाराशीच आहे. आपले बपेरा तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, वैनगंगेच्या खोऱ्यात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया, भंडारा यांसारख्या धानाच्या जिल्ह्यांतच. पावसाळ्यात तो बांधीत घरटे करतो. घरट्यापायी थोडे धान तुडवले जाते, आणि तो तोटा शेतकऱ्याच्या पदरी येतो. विजेच्या तारा व कीटकनाशके हे सारसाचे मोठे शत्रू. गोंदियातील 'सेवा' ही संस्था वनविभाग व स्वयंसेवकांसह उन्हाळ्याच्या शेवटी सारसांची गणना करते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही ती होते. कारण सारसाला दोन राज्यांची सीमा ठाऊक नाही. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. गणनेच्या आकड्यांवाचून न्यायालयापुढे काय ठेवता आले असते?

आपल्या जिल्ह्याचे दुसरे धन म्हणजे मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने ढीवर बांधवांसोबत राहून तलावांतील मासे व पाणवनस्पती यांविषयीच्या त्यांच्या ज्ञानाची नोंद केली आणि तलावांच्या पुनरुज्जीवनासाठी ते उपयोगात आणले. केवलादेवला जे राहून गेले ते येथे आधी झाले. नावातच 'निसर्ग' व 'संस्कृती' हे दोन्ही शब्द एकत्र आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मग कलाशाखेच्या विद्यार्थ्याने काय करावे? पक्ष्याचे शास्त्रीय नाव सांगणे त्याला जमणार नाही कदाचित. पण आजोबांना विचारून त्यांच्या तरुणपणी गावात गिधाडे कोठे बसत, बोडीत कोणते मासे मिळत, कोणत्या साली तलाव आटला, हे तारीख-वार, गावाचे व सांगणाऱ्याचे नाव घालून तो लिहून ठेवू शकतो. ही मौखिक इतिहासाची पद्धत आहे आणि ती आपल्याच अभ्यासक्रमातली आहे. शासनाचा एखादा आदेश सोप्या मराठीत ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि तेथे शेतकरी जे बोलेल ते संस्थेला लिहून कळविणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे. महाविद्यालयात असे एक नोंदमंडळ असावे. त्याची वही ग्रंथालयात राहावी आणि तिच्यातील निवडक नोंदी दरवर्षी या वार्षिकांकात छापल्या जाव्यात.

समारोप

लंडनचे ओल्डेनबर्ग, मुंबईचे सखाराम अर्जुन, पुण्याहून फिरणारे गणिताचे अंक आणि आपल्या बांधीतला सारस मोजणारे स्वयंसेवक हे सारे एकाच कामाचे वारकरी आहेत. पाहिलेले प्रामाणिकपणे लिहिणे, लिहिलेले दुसऱ्याकडून तपासून घेणे आणि ते सर्वांच्या हिताला लावणे हे ते काम. मुंबईतील आठ गृहस्थांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापाशीही फार मोठे भांडवल नव्हते. पहिली वही मात्र कोणीतरी उघडावी लागते. आपल्या महाविद्यालयात ती या वर्षी उघडली जावी, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.